बासष्ट अंश

१

नोंदवहीत सत्तराव्या पानानंतर एकदम त्र्याहत्तरावं पान येत होतं. मधला कागद कुणीतरी फुटपट्टी धरून फाडला होता. कडेला राहिलेली पट्टी वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची होती.

ही वही मार्करमेर या मोठ्या डच तळ्याच्या पश्चिम काठावरच्या एका छोट्या बचाव स्थानकाची. तटरक्षक दलाचा निरोप आला की तिथले स्वयंसेवक हातातलं काम टाकून बोट काढतात. कुणी सुतार, कुणी शिक्षक, कुणी निवृत्त. त्या फाटलेल्या कागदावर मार्चमधल्या एका शनिवारच्या सकाळची नोंद होती. धुक्यात कयाक होडी उलटून पाण्यात पडलेला यश नावाचा मुलगा नेमका कुठे आहे, ते आकडे त्यावर होते. बोट निघाली, पण यशपासून दोन किलोमीटर दूर जाऊन शोधत राहिली. पावणेएकला धुकं उठलं तेव्हा तो सापडला. पाणी सहा अंशांचं होतं.

त्या सकाळी फोनवर गुरुनाथकाका होते. त्याच संध्याकाळी त्यांनी स्थानकाच्या अध्यक्षांना सांगितलं, की आकडे लिहिताना मी चुकलो आणि घाबरून पान फाडलं.

गुरुनाथकाका आणि संध्याकाकू लायडस्खेनडाम-फोरबर्गला राहतात. मी पुण्याहून शिकायला आले तेव्हा पहिले चार महिने त्यांच्याच माडीवर होते. काका तीस वर्षं गाळ उपसणाऱ्या जहाजांवर इंजिनिअर होते आणि बारा वर्षं आठवड्याच्या शेवटी या स्थानकावर स्वयंसेवक. माझा प्रबंध मार्करमेरच्या गाळावर. पाण्याचे नमुने घ्यायला त्यांच्याच ओळखीने मला स्थानकाची बोट मिळायची.

घटनेनंतरच्या सोमवारी काकू मला झूटरमेरच्या स्टेशनवर घ्यायला आल्या. काकू म्हणजे घरात साधा मिक्सर आला तरी त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय बटण न दाबणारी बाई. पण त्या दिवशी त्यांच्या कपाळावर टिकलीसुद्धा नव्हती. गाडीत डॅशबोर्डवरच्या धुळीत एक गोल स्वच्छ ठसा दिसला. तिथे नेहमी बोटभर उंचीचा गणपती असायचा.

"गणपती कुठे गेला?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"ड्यूटीवर आहे," काकू म्हणाल्या आणि जरा हसल्या. मग सिग्नल हिरवा झाला तरी गाडी तशीच उभी. मागून हॉर्न वाजला.

"ऋजुता, यांनी चौतीस वर्षांत भाजीच्या यादीतसुद्धा आकडा चुकवलेला नाही. गुरुवारी समितीची बैठक आहे. स्थानकावरून काढतील, त्याचं एवढं नाही. पण माझ्यामुळे पोरगं गेलं, असं म्हणत हा माणूस उरलेलं आयुष्य काढणार आहे. जेवत नाहीत गं. तू शास्त्रातली आहेस ना? मग काय झालं ते शोध. काहीही निघू दे."

मी हो म्हटलं. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

२

यशने मदत मागितली होती ती वल्लरीकडे. दोघं आइंडहोव्हनला एकाच कंपनीत, पुढच्या डिसेंबरात लग्न करणार होती. त्या शनिवारी ती बुइटनव्हेल्डर्टला बहिणीकडे होती. मी गेले तेव्हाही तिथेच होती, सोफ्यावर, पायांवर ब्लँकेट घेऊन. बहिणीची मुलगी दारातून डच भाषेत काहीतरी विचारून गेली. 

घडलं ते तिने क्रमाने सांगितलं. नऊ बाराला यशने आपल्या जागेची खूण फोनवर पाठवली. एका मालवाहू जहाजाच्या लाटेने कयाक उलटली होती, ते धुक्यात दिसेनासं झालं होतं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात होता, म्हणून चालू राहिला. तिने नऊ पंधराला गुरुनाथकाकांना फोन केला.

"एकशे बाराला नाही?"

"काकांचा नंबर होता माझ्याकडे. गणेशोत्सवात भेटलो होतो, बचाव बोटीवर असतो म्हणाले होते. आपण आधी आपल्या माणसालाच फोन करतो ना. एकशे बाराला करायला हवा होता, ते मला शंभर जणांनी सांगून झालंय. तू एकशे एकावी."

 एकशे बारा या आणीबाणीच्या क्रमांकावर प्रत्येक कॉलचं ध्वनिमुद्रण होतं. काकांच्या मोबाइलवर होत नाही. पुढे काकांनी तटरक्षक केंद्राला कळवलं तेही एवढंच, की बोट निघाली आहे आणि जागा कप्तानाकडे आहे. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. म्हणजे आकडे फक्त तीन ठिकाणी होते: वल्लरीच्या फोनवर, फाटलेल्या पानावर आणि कप्तानाला दिलेल्या चिठ्ठीवर.

वल्लरीच्या फोनवरची खूण मी माझ्या वहीत उतरवली. उत्तर अक्षांशाची मिनिटं एकतीस पूर्णांक चार. काका म्हणत होते, त्यांनी ती चौतीस पूर्णांक एक अशी लिहिली.

मग तिने यशचे दोन निरोप ऐकवले. पहिला नऊ एकेचाळीसचा. दात वाजत होते, पण आवाजात हसू होतं: "वल्ली, इंजिन ऐकू येतंय. येतायत." दुसरा नऊ बावन्नचा: "लांब जातायत गं. त्यांना सांग, इकडे."

ती म्हणाली की ते सांगायला तिने काकांना पुन्हा फोन केला. काकांनी रेडिओवर बोटीला कळवलंही. पण इकडे म्हणजे कुठे, ते धुक्यात कुणाला कळणार?

मी निघताना तिने विचारलं, "मीच चुकीचं वाचून दाखवलं असेल का?"

"काकांनी परत म्हणून दाखवलं होतं?"

"दोनदा. एकतीस पूर्णांक चार. दोन्ही वेळा बरोबर."

दोनदा बरोबर उच्चारलेला आकडा तोच माणूस त्याच क्षणी चुकीचा लिहितो. घडू शकतं. पण मला ते पटेना.

३

कप्तान विबं साठीचा आहे. हिवाळ्यात छपरं दुरुस्त करतो. तो कमी बोलतो आणि बोललेलं परत बोलत नाही. मी गेले तेव्हा तो स्थानकाच्या पायरीवर दोर गुंडाळत होता. चिठ्ठीचं काय झालं म्हणून विचारलं तर त्याने खिशातून कागदाचा सुकलेला लगदा काढून दाखवला.

नेहमीची मोठी बोट वार्षिक दुरुस्तीला गेली होती. बदल्यात गुरुवारी एक जुनी बोट आली होती. रडार नाही, आणि जीपीएसच्या नकाशाचा पडदा बंदरातून बाहेर पडताच काळा झाला. हातात धरायचं जीपीएस यंत्र मोठ्या बोटीबरोबर गेलेलं आणि फोन स्थानकाच्या कपाटात राहिलेले. विबंने निघण्यापूर्वी भिंतीवरच्या नकाशावर चिठ्ठीतली जागा लावून दिशा काढली होती. बरोबर आणखी दोघे स्वयंसेवक होते. पडदा गेल्यावर त्याने होकायंत्राकडे बघत बोट चालवली. वडिलांच्या मासेमारीच्या बोटीवर तो तसाच शिकला होता.

ती बोट कुणीकुणी हाताळली होती, असं मी विचारलं.

"सगळ्यांनी. शुक्रवारी संध्याकाळी सगळे तिला साफ करत होते. गुरुनाथ पंप बघत होता. संध्याने ते बटाट्याचे गोळे आणले होते. मी सात खाल्ले. मग सगळे वर चहाला आलो." त्याने दोर खाली ठेवला. "तुला गुन्हेगार हवाय. मलाही हवा होता. मग गुरुनाथने स्वतःच सांगितलं आणि मी विचार करणं बंद केलं."

त्याच्या मनगटावर धावणाऱ्या लोकांचं घड्याळ होतं. मुलीने साठाव्या वाढदिवसाला दिलेलं. बोटीवर चढताना तो ते सवयीने चालू करतो, नाडीचे ठोके मोजायला. ते ठोक्यांबरोबर वाटही नोंदवतं, हे त्याला माहीत होतं. पण ती वाट कुणी मागितली नव्हती. कबुली मिळाल्यावर कोण मागणार?

मी ती माझ्या लॅपटॉपवर घेतली. बंदरापासून निघालेली एक सरळ रेघ, आठ किलोमीटर लांब, आणि तिच्या टोकाला शोधाचे चौकोन. मी यशची खूण त्याच नकाशावर टाकली. मग काकांच्या म्हणण्याप्रमाणे आकडे उलटे करून तीही जागा टाकली.

काकांची चूक बोटीला पाच किलोमीटर उत्तरेला नेणारी होती. बोट गेली होती दोन किलोमीटर दक्षिणेला.

म्हणजे काका खोटं बोलत होते. आपण चुकलो, असं खोटं.

४

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी विबंबरोबर त्या जुन्या बोटीवर चढले. चाकासमोरच्या काचेवर मेणाच्या पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. शनिवारपासून कुणी पुसलं नव्हतं: ०६२.

"ही दिशा?"

"नकाशावरून काढलेली. चिठ्ठीतल्या जागेची."

मी होकायंत्राचा आणि खऱ्या उत्तरेचा तिथला दोन-अडीच अंशांचा फरक धरून वहीत रेघ ओढली. बंदरापासून बासष्ट अंशांवर सरळ गेलं की बरोबर यशची खूण येत होती. काकांनी लिहिलेला आकडा अचूक होता. विबंने काढलेली दिशाही अचूक होती. मात्र घड्याळातली रेघ शहात्तर अंशांवर गेली होती. चौदा अंशांचा फरक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच. आठ किलोमीटरवर त्याचे दोन किलोमीटर होतात.

विबंने त्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मी बासष्टवर होतो. काटा बासष्टवरून हलू दिला नाही."

"मला माहीत आहे."

आम्ही होकायंत्र तपासलं. समोरच्या दीपस्तंभाची नकाशावरची दिशा आणि काट्याची दिशा एकच आली. बोट वळवून चर्चच्या मनोऱ्यावर तपासलं, तेही बरोबर. आज त्यात काही दोष नव्हता. मग शनिवारी त्याच्याजवळ असं काहीतरी होतं, जे आता नव्हतं.

होकायंत्राखाली हातमोजे ठेवायचा एक उघडा खण होता. त्याच्या वर एक नवी पाटी चिकटवलेली, डच भाषेत, सुबक अक्षरांत: होकायंत्रापासून एक मीटरच्या आत लोखंड, फोन किंवा कोणतीही वस्तू ठेवू नये.

"ही कधी लावली?"

"रविवारी आलो तेव्हा होती. गुरुनाथचं अक्षर आहे."

ज्या माणसाच्या मते चूक आकड्याची होती, त्याने दुसऱ्याच दिवशी होकायंत्रावर पाटी का लावावी?

मी खणात टॉर्च धरला. तो धुतलेला होता, बाकीच्या बोटीपेक्षा जास्त. फक्त आतल्या कोपऱ्यात, पांढऱ्या फायबरच्या खडबडीत पृष्ठभागावर, नखाएवढा पिवळा डाग राहिला होता. विबं म्हणाला, गंज. गंज पुसला तर बोटाला खरखरतो. हा खरखरत नव्हता. मी नळाजवळची साबणाची वडी ओल्या बोटाने घासली आणि डागावर ठेवली.

डाग लाल झाला.

हे मला कुठल्या प्रयोगशाळेत शिकावं लागलं नव्हतं. हळदीचा हात लागलेला टॉवेल आईने साबणात टाकला की तो असाच लाल व्हायचा. त्या स्थानकावर हळद ओळखणारी माणसं दोनच होती. त्यातल्या एकाने खण धुतला होता. आणि घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू कोण लावतं, ते मला चार महिने त्या घरात राहून माहीत होतं.

"काय आहे ते?" विबंने विचारलं.

 मी सांगितलं की खात्री करून सांगते.

५

काका घरामागच्या शेडमध्ये सायकलचं चाक सरळ करत होते. मी काही न बोलता लॅपटॉप त्यांच्या कामाच्या टेबलावर ठेवला. दोन रेघा त्यांनी एकदाच पाहिल्या. मग हात फडक्याला पुसले, उठले आणि शेडचं दार आतून लावून घेतलं.

खिळ्यांच्या डब्यातून त्यांनी फुटपट्टीने फाडलेला तो कागद आणि त्यात गुंडाळलेला गणपती काढला. बोटभर उंचीचा, खाली काळं गोल चुंबक. डब्यातले दोन खिळे त्याला लटकून आले.

"बोट परत आली तेव्हा धुवायला चढलो," ते म्हणाले. "खणात हा. शेजारी अक्षता. मी खिशातलं छोटं होकायंत्र जवळ नेलं आणि सगळं समजलं."

शुक्रवारी सगळे चहाला वर गेले तेव्हा काकूंनी त्या नव्या आलेल्या बोटीची पूजा केली होती. गाडीतला गणपती खणात ठेवला, कुणाला दिसू नये आणि कुणी हसू नये म्हणून. काकांनाही सांगितलं नव्हतं. काका अशा गोष्टींवरून चिडवायचे.

काका म्हणाले की बोट दोन किलोमीटर बाजूला का गेली, असं समिती विचारणारच. पानावरचा आकडा बरोबर निघाला असता तर बोट तपासली असती, हळद सापडली असती, काकूंना बोलावलं असतं. म्हणून बरोबर लिहिलेलं पान फाडावं लागलं. ते सांगताना त्यांचा आवाज एखादं गणित समजावून सांगावा तसा होता.

"पण काका, तुम्ही चुकला नाहीत."

"मी एकसष्टचा आहे. चुकणारा म्हातारा लोक दोन वर्षांत विसरतात. तिचं काय? ती रोज सकाळी देवापुढे बसते, ऋजुता. तिला हे कळलं तर ती कुठे बसेल?"

मी वल्लरीचं नाव घेतलं. ती स्वतःला दोष देतेय, म्हटलं. काकांनी मान खाली घातली. म्हणाले की म्हणूनच कबुली लगेच दिली, त्या पोरीने स्वतःवर घेऊ नये म्हणून. तिने आपल्याला शिव्या घालाव्यात. आणि पुन्हा असं घडू नये म्हणून पाटी लावली आहे. मोठी बोट परत आली की तिच्यावरही लावणार आहे.

सगळ्याचा विचार झालेला होता.  

"हा तू घेऊन जा," त्यांनी गणपती माझ्या हातात दिला. "घरात ठेवता येत नाही, टाकवतही नाही."

"मला काकूंनीच शोधायला सांगितलंय."

"माहीत आहे," काका म्हणाले. "मीच म्हटलं होतं तिला, ऋजुताला नको सांगूस. ती पोर हुशार आहे."

६

बुधवारी मी विबंला सांगितलं की खणात काहीतरी लोखंडी राहिलं असावं, काय ते सिद्ध करता येत नाही. त्याने माझ्याकडे आणि मग पाटीकडे पाहिलं. "ज्याने पाटी लावली त्याला माहीत आहे," तो म्हणाला.  ०६२ त्याने अंगठ्याने पुसून टाकलं.

वल्लरीला मी फोन केला. तू आकडे अचूक वाचलेस, माझ्याकडे पुरावा आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांचीच चूक." मी गप्प राहिले आणि तिने त्याचा अर्थ हो असा घेतला.

गुरुवारची बैठक वीस मिनिटांत संपली. काकांनी गणवेशाचं जाकीट घडी करून टेबलावर ठेवलं आणि किल्ली त्यावर. अध्यक्षांनी बारा वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले. वल्लरी भिंतीशी उभी होती. काका तिच्यासमोर थांबले, हात जोडले. तिने मान फिरवली. मी चार खुर्च्यांपलीकडे होते. 

काका विबंबरोबर मागे थांबले. काकूंनी मला स्टेशनपर्यंत सोडते म्हटलं. गाडी तळ्याच्या बांधावरून चालली होती. हवा स्वच्छ होती, पलीकडची शिडं मोजता येत होती.

"काही सापडलं?" काकूंनी विचारलं.

गणपती माझ्या कोटाच्या खिशात होता. काहीही निघू दे, असं त्या सोमवारी म्हणाल्या होत्या. त्यांच्या हातांकडे पाहिलं तर त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"नाही, काकू."

त्यांनी मान हलवली.  स्टेशनपाशी गाडी थांबवून म्हणाल्या, "एक सांगू? तुला म्हणून सांगते, यांना बोलू नकोस. मी आमचा गणपती त्या बोटीत ठेवला होता. शुक्रवारी. एवढ्या धुक्यात, पडदा बंद पडलेला, तरी ती तिघं माणसं सुखरूप परत आली ना. मी त्याचंच धरून राहिलेय गं. नाहीतर काय धरू?"

मी म्हटलं, हो काकू.

"बोट परत जाईल आता. तेवढा तो आणून देशील? माझी पायरी चढायची हिंमत होत नाही."

"आणते."

गाडी गेल्यावर कुठली ट्रेन आणि कुठला फलाट ते बघायला मी खिशातून फोन काढला. तो गणपतीला लागूनच होता. नकाशावर मी उभी होते तो निळा ठिपका बरोबर जागी होता. त्याचा दिशा दाखवणारा बाण मात्र रुळांकडे तोंड करून उभ्या असलेल्या मला तळ्याकडे वळलेली दाखवत होता, आणि होकायंत्र पुन्हा जुळवण्यासाठी फोन हवेत आठचा आकडा काढल्यासारखा फिरवा, अशी सूचना पुन्हा पुन्हा येत होती. मी फिरवत राहिले.